मागच्या सीटवर अण्णा

पौषातली थंडी पुण्यात आता नावालाच येते. तरी एखाद्या सकाळी गॅलरीचं दार उघडलं की हवा अंगाला जरा कोरडी, खरखरीत लागते, आणि मला कळतं की आता सोलापूर रस्त्यावर ‘हुरडा तयार आहे’ अशा पाट्या लागल्या असतील. मग एखाद्या रविवारी मी आईला गाडीत बसवून निघते. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. शेजारच्या सीटवर शाल पांघरून बसते, पट्टा स्वतःच लावते, आणि वाटेतल्या प्रत्येक पंपावरचा पेट्रोलचा भाव मोठ्यानं वाचते. वाचून दरवेळी तितक्याच नवलानं म्हणते, “अगंबाई! आणि तरी एवढ्या गाड्या पळतातच आहेत की!”

तिला मी काय सांगणार? आमच्या सोसायटीत गाड्या लावायला जागा उरलेली नाही. माझ्या मुलीनं नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात गाडी घेतली, तीही फोनवर. रंग फोनवर निवडला, हप्ते फोनवर ठरले. गाडी दारात आली त्या दिवशी तिनं तिला पहिल्यांदा हात लावला, आणि संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला गेलीसुद्धा. मला त्यात वाईट काही वाटत नाही. फक्त आमच्या घरी वाहन आलं तो हिवाळा मला आठवतो, आणि त्या हिवाळ्यात पाहिलेले माझे आईवडील आठवतात.

सोलापुरात साखर पेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. दोन्ही अंगांना तेलुगू विणकरांची घरं. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ गल्लीतले माग सुरू व्हायचे. तो खटखटाट इतका अंगात मुरला होता, की वीज जाऊन माग थांबले की मला झोपेतून जाग यायची. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. दुष्काळात रेशनवर मिळणारी तांबडी मिलो खाऊन खाऊन आमच्या जिभा कडवट झालेल्या. त्या वर्षी मात्र शाळू ज्वारी अशी पिकली होती, की आई परातीत पीठ घेतलं की आधी ते मुठीत धरून हुंगायची, मग पाणी घालायची.

भाकरी परत आली होती. बाकी सगळं मात्र हातातून निसटत होतं. साखरेला रांग, रॉकेलला रांग. आई दर महिन्याला घरातली एकेक गोष्ट बंद करायची. आधी सकाळचा दुसरा चहा गेला, मग वर्तमानपत्र, मग माझ्या नव्या रिबिनी. कुठल्याशा लांबच्या वाळवंटातलं पेट्रोल महाग झालंय, असं मोठी माणसं बोलायची. त्यानं आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षाचं भाडं का वाढावं, हे मला समजायचं नाही. वाढलं एवढं खरं. त्या भाड्यामुळे आई चालत कामावर जाऊ लागली.

आई टेलिफोन ऑफिसात ट्रंक ऑपरेटर होती. कुणाला मुंबईला बोलायचं असेल, कुणाला हैदराबादला, तर आधी आईशी बोलावं लागे. “थांबा, लाइन लावते,” हे ती इतक्या शांतपणे म्हणायची, की समोरचा तापलेला व्यापारीसुद्धा गप्प थांबायचा. तिचा आवाज अर्ध्या सोलापूरला ओळखीचा होता. चेहरा कुणालाच नाही. तिला ते बरं वाटायचं. रस्त्यातून जाताना ती भिंतीच्या कडेकडेनं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन चालायची. सकाळची ड्युटी असली की उजाडायच्या आत निघायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कापडगिरणीच्या ऑफिसात कारकून होते. पूर्वी ते इतके भरभर चालायचे, की त्यांच्याबरोबर जाताना मला पळावं लागे. रोज संध्याकाळी कंबर तलावापर्यंत जाऊन यायचे. थंडीत तिथं परदेशी बदकं उतरतात, त्यांची त्यांना फार हौस. पण मी दुसरीत असताना गोदामात माल मोजताना कापडाची एक गाठ घसरली आणि त्यांच्या उजव्या पायावर आली. हाड जुळलं, पण घोटा वळायचा थांबला. हातात काठी आली. मग घर आणि ऑफिस, बास. ऑफिसलाही दोघातिघांत मिळून केलेल्या टांग्यातून. तळ्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही.

पाय धड असताना, मी रांगत होते त्या वर्षी, त्यांनी स्कूटरसाठी नंबर लावून ठेवला होता. त्या काळी स्कूटर दुकानातून उचलून आणता येत नसे. अनामत भरायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. तोवर मुलं शाळेत जायला लागत, माणसांच्या बदल्या होत, काही जण तर निवृत्तच होत. ज्यांच्याकडे पैसा असे पण धीर नसे, ते दुसऱ्याचा आलेला नंबर वर चांगली रक्कम देऊन घेत. आम्ही तर आमचा नंबर विसरूनच गेलो होतो. मार्गशीर्षात एक दिवस पोस्टमननं कार्ड आणून दिलं. नंबर लागला होता.

त्याच आठवड्यात मोहोळहून माझा मामा आला. आईचा धाकटा भाऊ, शेती बघणारा. आला की शेंगांची पिशवी आणि स्वतःचा खणखणीत आवाज घेऊनच यायचा. कार्ड बघून तो खाटेवरून उठलाच.

“दाजी, लॉटरी लागली की वो तुमाला! माज्या वळकीचा एक आडत्या हाय मोहोळात. पोरासाटी स्कूटर हुडकतुया. वरचं पैसं म्हनशीला तेवढं दील. इकून टाका.”

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच माझ्याकडे बघत म्हणाली, “खरंच, विकू या. पैसे नंदाच्या नावानं ठेवता येतील.”

“विकायची नाही,” अण्णा म्हणाले.

“आवं, पर चालवनार कोन? तुमचा पाय…” म्हणता म्हणता मामानं जीभ चावली.

“इंदू चालवेल.”

मामा आधी अण्णांकडे बघत राहिला, मग मोठ्यानं हसला. “आक्का? स्कूटर? दाजी, तुमी पन लई गमतीचं हाय की.” आई हसली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, पण जरा उशिरा; त्या भाकरीला काळा डाग पडला.

मामा संध्याकाळच्या गाडीनं गेला तशी ती अण्णांसमोर येऊन उभी राहिली. “भावासमोर कसली हो चेष्टा करता माझी?”

“चेष्टा नाही केली,” अण्णा म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, काठीच्या मुठीकडे बघत होते. “सकाळी तू निघतेस तेव्हा मी खिडकीपाशी उभा असतो. कोपऱ्यापर्यंत दिसतेस. पुढं अंधार असतो. पूर्वी मी सोडायला यायचो की नाही?”

“अहो, पण मी जाते नीट. मला कुणी खात नाही.”

“माहीत आहे. तरी मी तिथंच उभा राहतो, तू पोचली असशील असं वाटेपर्यंत.” मग ते म्हणाले, “आणि दुसरं म्हणजे, मला तळ्यावर जायचंय इंदू. टांग्यात बसून आजारी माणसासारखं नाही जायचं. तुझ्याबरोबर जायचंय.”

आईनं आत जाऊन दिवा लावला. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ती मैत्रिणींना सांगून आली, की भिशीचा या खेपेचा नंबर मला द्या. उरलेल्यासाठी अण्णांनी फंडातून उचल घेतली. मध्यमवर्गीय माणसाचं वाहन असं येतं. दोघांनी थोडं थोडं पुढच्या दिवसांतलं कापून घ्यायचं, आणि पुढचे दिवस कसे जातील ते पुढं बघायचं.

स्कूटर आली ती फिकट हिरव्या रंगाची. अण्णांचे ऑफिसातले मित्र देशमुखकाका ती चालवत घेऊन आले, मागे अण्णा बसले होते. गल्लीतले माग थांबले. शेजारची नरसम्मा, जिच्या घरात पाच माग होते आणि त्या पाचांवर जिचा हुकूम चालायचा, ती हळदकुंकवाची वाटी घेऊन बाहेर आली. चाकाला कुंकू लावलं, हँडलला लिंबू-मिरची बांधली, आणि आईला म्हणाली, “तू चालवते म्हणे? बरं करते, अम्मा. पण पदर नीट खोच. चाकात गेला की खेचून नेते तो.”

होम मैदान तेव्हा मोकळं होतं. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला अजून काही आठवडे होते. आईला दुपारची ड्युटी असली की आम्ही तिघं सकाळी तिथं जायचो. देशमुखकाका गाडी आणून द्यायचे आणि फिरायला निघून जायचे. गवतावर दव असायचं. तोंडातून वाफ निघायची. आई पुढे, अण्णा मागे, आणि मी मैदानाच्या कडेला शाळेच्या स्वेटरमध्ये हात आखडून. अण्णांना गाडी येत होती, फक्त ब्रेक मारायचा पाय उरला नव्हता. मागून ते सांगायचे, “क्लच दाब. आता मूठ फिरव. हळू सोड. हळू गं.” गाडी दोन हात पुढे जायची आणि गचका खाऊन बंद पडायची. आई परत उतरायची, परत किक मारायची. आठवड्याभरानं ती एक पूर्ण फेरी मारून आली तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर असं काही होतं, की मला एकदम परक्यासारखं वाटलं. जणू ती माझे आईवडील होण्याआधीची कुणी दोघं होती.

त्यानंतर चारच दिवसांत ती पडली.

एक कुत्रं आडवं आलं. आईनं ब्रेक मारायच्या ऐवजी मूठ पिळली. गाडी उसळली आणि कलंडली; आई एका बाजूला फेकली गेली आणि गाडी अण्णांच्या पायावर आली. त्याच पायावर. मी धावत गेले तेव्हा अण्णा पडल्या पडल्या म्हणत होते, “काही नाही, काही नाही झालं.” आणि आई कोपरातून रक्त येत असताना दोन्ही हातांनी स्कूटर उचलायचा प्रयत्न करत होती. तिच्यानं ती उचलत नव्हती. शांतपणे लाइन लावून देणारा तिचा आवाज तेव्हा मी पहिल्यांदाच फाटलेला ऐकला. पाण्याच्या टाकीपाशी काम करणारी दोन माणसं धावत आली, तेव्हा गाडी उचलली.

हाड मोडलं नव्हतं, पण पाय सुजून दुधीभोपळ्याएवढा झाला. आई रोज संध्याकाळी ऊन पाण्यानं तो शेकायची. सूज उतरल्यावर तिनं सांगितलं, “मामाला निरोप धाडलाय. आडत्याला घेऊन येईल रविवारी. गाडी द्यायची.”

“इंदू…”

“माझ्या हातून तुमचा दुसरा पाय जायला नको.”

अण्णांनी वाद घातला नाही. घातला असता तर आईनं ऐकलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. स्कूटर जुन्या चादरीखाली दारात उभी राहिली. नरसम्मा येता-जाता त्या चादरीकडे बघायची आणि तोंडातल्या तोंडात तेलुगूत काहीतरी पुटपुटायची.

शनिवारी माझी शाळा सकाळची. अण्णांनाही अर्धा दिवस. मी घरी आले तर ते दारात चादर काढून उभे. काठी त्यांनी पाय ठेवायच्या जागेवर आडवी ठेवली होती.

“नंदा, चल. आईला आणायला जाऊ.”

“चालवणार कोण?”

“ढकलत नेऊ. तू मागून हात लाव.”

साखर पेठेतून टेलिफोन ऑफिस जवळ नव्हतं. अण्णा दोन्ही हातांनी हँडल धरून, उजवा पाय ओढत निघाले. मी मागून रेटत होते, माझ्या रेटण्यानं काही होत नसणार, पण अण्णा मधूनमधून म्हणायचे, “शाब्बास, तुझ्यामुळे चाललीय बघ.” भर बाजाराची वेळ. नव्या पेठेत चादरीच्या दुकानांपुढे गर्दी होती. लोक वळून बघत होते. एक पानवाला ओरडला, “साहेब, पेट्रोल संपलं काय?”

“नाही,” अण्णा थांबून, दम घेऊन म्हणाले. “पेट्रोल आहे. चालवणारी कामावर गेलीय. तिला आणायला चाललोय.”

पुढे दोन ठिकाणी त्यांना हाच प्रश्न आला आणि दोन्ही वेळा त्यांनी हेच उत्तर दिलं, जराही न लाजता. पोचलो तेव्हा थंडीचे दिवस असूनही त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ऑफिसच्या फाटकाशी कडुलिंबाखाली त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि तिला टेकून उभे राहिले. उजवा पाय जमिनीवर टेकवत नव्हते.

ड्युटी सुटली. बायकांच्या घोळक्यातून आई बाहेर आली आणि फाटकातच थबकली. बरोबरीच्या सगळ्या जणी थांबल्या.

“हे काय?” ती जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली. “कुणी आणली गाडी?”

“मी आणली.”

“चालत? ढकलत?” तिनं त्यांच्या पायाकडे बघितलं. चपलेचा पट्टा सुजलेल्या पायात रुतला होता. “वेड लागलंय का तुम्हाला? आता परत कसे जाणार?”

“तेच तर,” अण्णा म्हणाले. “परत जायला माझ्यानं होणार नाही. आता तूच ने.”

आईच्या डोळ्यांत पाणी भरलं. रागाचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही. तिला तिथं, सगळ्यांच्या देखत, रडायचं नव्हतं. तिनं पर्स माझ्या हातात दिली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि किक मारली. बसली नाही. दुसरी मारली. बसली नाही. फाटकाशी उभी असलेली एक बाई हसली. अण्णा नेहमीच्या स्वरात म्हणाले, “चोक ओढ.” तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

मी पुढे उभी राहिले, आईच्या दोन हातांच्या मध्ये. तिची छाती माझ्या पाठीला लागत होती आणि आतली धडधड मला कळत होती. गाडी फाटकाबाहेर पडली, पण घराच्या दिशेला वळली नाही. चौकात एक हातगाडी आडवी होती, आई म्हणाली, “बाजूला घ्या हो जरा.” हातगाडीशी सौदा करत असलेले टोपीवाले शेटजी चमकून वळले. “अरे, या तर आपल्या ट्रंकवाल्या बाई!” आवाजावरून ओळखलं त्यांनी. टोपीला हात लावून त्यांनी स्वतः हातगाडी ओढून वाट करून दिली. इतकी वर्षं भिंतीच्या कडेनं चालणारी माझी आई त्या दिवशी भर चौकातून, मान ताठ ठेवून गेली. अर्थात मान ताठ होती ती भीतीनं. वळवली तर गाडी वळेल असं तिला वाटत होतं.

विजापूर रस्त्याला लागल्यावर अण्णांच्या लक्षात आलं, की आपण तळ्यावर चाललोय. तळ्याच्या काठाशी आईनं गाडी बंद केली आणि मग पुष्कळ वेळ हँडल सोडलंच नाही. बोटं आखडून गेली होती. अण्णा काठी टेकत पाण्यापर्यंत गेले. ऊन तिरपं झालं होतं. लांबवर पाण्यावर बदकांचे काळे ठिपके हलत होते. ते दोघं एका दगडावर बसले, मी थोडी अलीकडे. अण्णा बोट दाखवून तिला कुठलं कुठून आलंय ते सांगत होते. आई पाण्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मामा आडत्याला घेऊन आला. आईनं दोघांना चहा दिला, शेंगाचटणी-भाकरी खाऊ घातली आणि हात जोडून सांगितलं, “माफ करा, तुम्हाला हेलपाटा पडला. गाडी मला लागते.” मामा अण्णांकडे बघायला लागला. अण्णा छताकडे बघत होते.

लायसन्सच्या चाचणीत ती पहिल्यांदा नापास झाली. साहेबांनी आठचा आकडा काढायला लावला आणि तिचा पाय टेकला. “बाई, कशाला या भानगडीत पडता? मिस्टरांना पाठवा,” असं ते म्हणाले. आई म्हणाली, “मिस्टर मागं बसतात.” दुसऱ्या खेपेला पास झाली.

संक्रांत होऊन गेल्यावर मामाचा निरोप आला, हुरडा धरलाय, या. एस.टी.नं न जाता आम्ही स्कूटरवरून निघालो. पुणे रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. आई प्रत्येक गाडीच्या मागं बराच वेळ घुटमळायची आणि मग धीर करून पुढे काढायची. ट्रक जवळून गेला की आमची गाडी थरथरायची. मैदानावर अण्णांचं तोंड मिटत नसे. आता ते काहीच सांगत नव्हते. दुतर्फा शाळू उभा होता, माणसाच्या डोक्याइतका उंच, कणसं अजून हिरवट.

मामाच्या रानात आगटी पेटली होती. दहा-बारा माणसं भोवती बसलेली. आम्ही बांधावरून येताना बघून मामा उभा राहिला, हातातलं कणीस तसंच. आई गाडीवरून उतरली, धुळीनं पांढरी झालेली.

“आगं बया, आक्का!” मामा म्हणाला. “सोलापुरातनं? हायवेनं?” मग त्याचं लक्ष अण्णांकडे गेलं, आणि तो जरा अवघडला. बाईच्या मागं बसून आलेल्या मेव्हण्याला चारचौघांत काय म्हणावं, हे त्याला सुचेना. “दाजी… तुमी मागं?”

“मागं बसलं की सगळा मुलूख नीट बघायला मिळतो,” अण्णा म्हणाले. “तुझा शाळू झकास आलाय. पुढं असतो तर दिसला नसता.”

कुणीतरी हसलं. मामाही हसला, पण पहिल्या वेळेसारखं नाही. तो गाडीपाशी गेला, खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं दोन्ही सीटा स्वच्छ पुसल्या, आणि आगटीभोवतीच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “माजी भन हाय ही. टेलिफोनात असती. व्हय, सोत्ता चालवत आलीया.” मग खाली बसून त्यानं गरम कणसं चोळली आणि हुरड्याची पहिली मूठ आईच्या हातावर ठेवली. आईच्या बोटांतून दाणे सांडत होते. तो जेवढे सांडले तेवढे परत घालत राहिला.

ती स्कूटर आमच्याकडे पुष्कळ वर्षं होती. पेट्रोल वाढतच गेलं आणि आम्ही ते वाचवायच्या युक्त्या करत गेलो. रेल्वेच्या पुलावरून उतरताना आई इंजिन बंद करायची. सगळा आवाज एकदम थांबायचा, फक्त वारा आणि टायरची सळसळ, आणि त्या शांततेत ते दोघं घरातलं बोलायचे. भाजीचं, फीचं, घरभाड्याचं. टाकीत थोडंच उरलं की गाडी तिरकी करून आतलं शेवटचं पेट्रोल एका बाजूला आणायचं, हे अण्णांचं काम. रविवारी प्लग काढून घासायचा, हेही त्यांचंच. सकाळच्या ड्युटीला ते तिच्या मागं बसून जात, ऑफिसच्या फाटकाशी उतरत, आणि तिथल्या टपरीवर बसून उजाडल्यावर टांग्यानं पुढे जात. ऑफिस सुटलं की परत तिथं येत; ती त्यांच्यासाठी थांबलेली असे. गल्ली वर्षभर हसली, मग विसरली. नरसम्माच्या सुनेनं पुढं लुना घेतली तेव्हा तिला गाडी आईनंच शिकवली, आणि नरसम्मा काठी घेऊन मैदानातल्या कुत्र्यांना हाकलत उभी राहिली.

अण्णा गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. माझं लग्न झालं होतं, मी पुण्यात होते. दिवसकार्य उरकल्यावर मी आईला म्हणाले, की गाडी आहे, ऑफिसला जाशील, तेवढंच बरं. ती हो म्हणाली. पण पुढच्या हिवाळ्यात मी सोलापूरला गेले तर दारात स्कूटर नव्हती. ऑफिसात नव्यानं लागलेल्या एका मुलीला तिनं ती देऊन टाकली होती. मी रागावले. का दिलीस, चांगली चालत होती, भाव काय झालेत, रिक्षाला किती पडतात, असं बरंच बोलले. तिनं चहा टाकायला घेतला.

यंदा हुरड्याला जाताना, मोहोळ जवळ आल्यावर, मला ते आठवलं आणि मी तिला परत विचारलं. इतक्या वर्षांनी विचारलं म्हणून असेल, किंवा दुतर्फा शाळू उभा होता म्हणून असेल, तिनं उत्तर दिलं.

“महिनाभर नेली गं मी. रोज नेली,” ती म्हणाली. “पण मागं वजन नव्हतं. खड्ड्यातून उडायची, वळताना हलायची. मला वाटलं, गाडीत काहीतरी बिघडलंय. मेकॅनिककडे दोनदा नेली. तो म्हणाला, बाई, गाडी ठणठणीत आहे.”

ती खिडकीबाहेर बघत होती.

“मग मीच ओळखलं. मी एकटी अशी कधी चालवलीच नव्हती.”